कासवाचा बिल्ला, चमकणारं पाणी, भाताचं जनुक: ताजी बातमी जीवशास्त्राच्या तासाला कशी जोडावी

जानेवारी २०२५ मध्ये कोकणातल्या गुहागरच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची एक मादी अंडी घालायला वर आली. तिच्या पुढच्या पायावर धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो बिल्ला तिला मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. '३५०० किलोमीटरचा प्रवास' अशा मथळ्याने बातमी सगळीकडे छापून आली. अशी बातमी शाळेत पोचते ती बहुतेक वेळा परिपाठात. कुणीतरी वाचतं, मुलं 'बापरे' म्हणतात, पुढचा सुविचार येतो आणि विषय संपतो. खरं तर त्या एका बातमीत प्रजनन, वर्गीकरण, अधिवास आणि मोजमापाचा खरेखोटेपणा एवढं सगळं दडलेलं आहे. ते बाहेर काढायला एक पूर्ण तास लागतो आणि त्या तासाची तयारी लागते. ती तयारी कशी करायची ते पुढे दिलं आहे. इयत्ता आठवी ते दहावी आणि राज्य मंडळाचं विज्ञानाचं पुस्तक समोर धरलं आहे.

आधी धडा, मग बातमी

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बातमी गरम आहे म्हणून ती वर्गात नेणं आणि मग ती कुठल्या धड्यात बसते ते शोधणं. असं केलं की तास रंगतो, पण धडा पुढे सरकत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून अभ्यासक्रम मागे पडल्याची धास्ती लागते आणि उपक्रम बंद पडतो. म्हणून उलट करा. जूनमध्ये वार्षिक नियोजन लिहिताना प्रत्येक प्रकरणासमोर एक रिकामा रकाना ठेवा आणि तिथे कोणत्या प्रकारची बातमी चालेल एवढंच लिहा. दहावीच्या 'प्राण्यांचे वर्गीकरण' समोर 'नवी जाती सापडली', 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' समोर 'पिकाचं नवं वाण, लस, मूलपेशी', आठवीच्या 'आरोग्य व रोग' समोर 'पावसाळी साथ'. वर्षभर कात्रणं जमवायची ती या रकान्यांसाठी. एका सत्रात तीन बातम्या नीट शिकवल्या तरी पुष्कळ झालं.

कात्रण ठेवायचं की टाकायचं हे तीन प्रश्नांवर ठरवा. बातमीमागे धड्यातली एकच संकल्पना सरळ उभी आहे का? तिचा एखादा भाग मुलांना पाहता, मोजता किंवा काढून दाखवता येईल का? आणि कुणी, काय, कशाने मोजलं हे त्यात लिहिलं आहे का? तिसऱ्या प्रश्नावर निम्म्याहून जास्त कात्रणं गळतात, आणि गळू द्यावीत. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख त्याच दिवशी लिहा. तारीख नसलेली बातमी वर्गात नेऊ नका, कारण मुलांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसतं.

कोकणात बातम्यांचंही वेळापत्रक असतं, ते हाताशी असलं की शोधाशोध कमी होते. शाळा उघडते तेव्हा मासेमारीबंदी चालू असते, १ जून ते ३१ जुलै. माशांचा विणीचा काळ आणि पिल्लांची वाढ हा विषय तेव्हा घरोघरी चालू असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, तेही इथेच जोडता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाच्या, बातम्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा सोमवारी, वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर होतं. ती तारीख आधीच माहीत असते, त्यामुळे एवढी सोयीची बातमी दुसरी नाही. हिवाळ्यात रात्री समुद्र चमकल्याचे व्हिडिओ फिरू लागतात. नंतर मार्चपर्यंत कासवं, आणि त्याच सुमाराला आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे आणि फुलकिडे.

बातमी एकाच ठिकाणी वाचून थांबू नका. सरकारी संस्थेचं काम असेल तर पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मराठी निवेदन बहुतेक वेळा मिळतं. मूळ शोधनिबंधाचा गोषवारा इंग्रजीत असला तरी दोनशे-अडीचशे शब्दांचाच असतो. त्यातल्या फक्त चार गोष्टी उतरवून घ्या: कोणता जीव, किती नमुने, कुठे, कधी. बाकीचं समजलं नाही तरी चालतं.

तीन रंगांत बातमी सोलणं

वर्गात जाण्याच्या आदल्या दिवशी, घरी, वीस मिनिटांचं काम. बातमी मोठ्या अक्षरांत लिहून किंवा छापून घ्या आणि तीन रंगांची पेनं घ्या. जे कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलं किंवा मोजलं त्याच्याखाली हिरवी रेघ. त्यावरून शास्त्रज्ञांनी जो निष्कर्ष काढला त्याच्याखाली निळी. आणि जे बातमी लिहिणाऱ्याने किंवा मथळा देणाऱ्याने जोडलं त्याच्याखाली लाल.

०३२३३ ची बातमी सोलून पाहा. हिरवं किती उरतं? बिल्ल्याचा क्रमांक, दोन ठिकाणं, दोन तारखा. बस. 'पूर्व किनाऱ्यावर विणणारी कासवं पश्चिम किनाऱ्यावरही विणू शकतात' हे निळं. '३५०० किलोमीटर प्रवास करून आली' हे वरून हिरवं वाटतं, पण ते कुणी मोजलेलं नाही. धातूच्या बिल्ल्यातून सिग्नल निघत नाही. तो फक्त दोन टोकं सांगतो, मधली पावणेचार वर्षं नाही. तो आकडा नकाशावरून काढलेला अंदाज आहे. उपग्रह-टॅगचं तसं नाही. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने २०२२ च्या सुरुवातीला वेळास, आंजर्ले, गुहागर भागात पाच माद्यांना असे टॅग लावले होते, वेळासच्या मादीचं नाव 'प्रथमा' ठेवलं होतं. त्यांचा मार्ग खरोखर टिपलेला होता. बिल्ला आणि टॅग यांतला हा फरक मुलांना कळला की 'पुरावा किती आणि दावा किती' हे वेगळं शिकवावं लागत नाही.

शब्दांचे खड्डे

मराठी बातम्यांत शब्द सैल वापरले जातात आणि त्याचे गुण परीक्षेत कापले जातात, म्हणून इथे थोडं जास्त थांबायला हवं.

पहिला खड्डा 'प्रजाती'. वर्तमानपत्रात 'नवी प्रजाती सापडली' असं छापतात. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र प्रजाती ही वरची पायरी आणि जाती ही तिच्याखालची. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या माशाचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. यात शिस्टुरा ही प्रजाती, ती आधीपासून माहीत होती, तिच्यात कितीतरी मासे आहेत. हिरण्यकेशी ही जाती, नवी आहे ती ही. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. ही एक बातमी फळ्यावर लिहून 'यात नवं काय सापडलं, प्रजाती की जाती?' एवढाच प्रश्न विचारला तरी द्विनाम पद्धती पक्की होते.

दुसरा खड्डा जिवाणू, विषाणू आणि जंतू. लेप्टोच्या बातमीत 'विषाणू' छापलेलं सहज सापडतं. लेप्टोस्पायरा हा मळसूत्री आकाराचा जिवाणू आहे, म्हणूनच त्यावर प्रतिजैविक चालतं. विषाणू असता तर चाललं नसतं. इथेच तिसरा खड्डा येतो: प्रतिजैविक आणि प्रतिपिंड. एक बाहेरून घेतलेलं औषध, दुसरं शरीराने स्वतः बनवलेलं प्रथिन. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांतल्या काहींच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. प्रतिपिंड सापडलं याचा अर्थ त्या प्राण्याची कधीतरी त्या विषाणूशी, किंवा त्याच्या अगदी जवळच्या विषाणूशी, गाठ पडली होती. आज त्याच्या अंगात विषाणू आहेच असा नव्हे. मथळा मात्र दोन्ही गोष्टी एकच करून टाकतो.

वर्गात एक मोठा कार्डशीट लावून ठेवा, डावीकडे बातमीतला शब्द, उजवीकडे पुस्तकातला. वर्षभर त्यात मुलांनीच भर घालायची.

पस्तीस मिनिटांचा तास

बातमी तुम्ही वाचून दाखवू नका. चार मुलांत एक प्रत द्या, झेरॉक्सची सोय नसेल तर ब्राउन पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून फळ्यावर लावा. पहिली पाच मिनिटं शांत वाचन. पुढची सात मिनिटं गटात तीन रंगांच्या रेघा. इथे गोंगाट होतो, होऊ द्या, पण प्रत्येक गटाकडून एक हिरवं आणि एक लाल वाक्य घ्याच. मग पुस्तक उघडायचं आणि बातमीमागची संकल्पना दहा मिनिटांत शिकवायची, आकृतीसह, नेहमीसारखी. मग दहा मिनिटं हाताने करायचं काहीतरी. शेवटची तीन मिनिटं वहीत दोनच वाक्यं: 'बातमीत नक्की काय मोजलं' आणि 'मला अजून काय माहीत हवं'.

वेळ चुकते ती रेघांच्या टप्प्यावर. बातमी तीनशे शब्दांची असेल तर सात मिनिटं पुरत नाहीत. दीडशे शब्दांपर्यंत कापून घ्या, पण वाक्यं बदलू नका. सोप्या भाषेत पुन्हा लिहिलेली बातमी ही तुमची बातमी होते, आणि लाल रेघा मारण्यासारखं त्यात काही उरत नाही.

करून पाहणं पहिलं: दोरा आणि अ‍ॅटलास

०३२३३ साठी लागतं ते शाळेतल्या भूगोलाच्या अ‍ॅटलासमधलं भारत आणि श्रीलंका दोन्ही दिसणारं पान, शिवणाचा दोरा आणि पट्टी. ओडिशातल्या गहिरमाथ्यापासून गुहागरपर्यंत दोरा समुद्रातूनच न्यायचा. दोरा वळणावर सुटतो, म्हणून एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने बोटाने वळण दाबायचं. मग दोरा सरळ करून पट्टीवर मोजायचा आणि नकाशाच्या प्रमाणाने गुणायचं.

काही गट श्रीलंकेला वळसा घालतील, त्यांचं उत्तर ३४०० ते ३५०० किलोमीटरच्या आसपास येईल. काही गट भारत आणि श्रीलंका यांच्या मधल्या पांबनच्या अरुंद वाटेतून दोरा नेतील, त्यांचं २९०० च्या आसपास. कुणीतरी हमखास जमिनीवरून सरळ रेघ मारेल, ती दीड हजारावर थांबते. तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहा आणि विचारा: बातमीतला आकडा कोणत्या वाटेचा? आणि ती त्याच वाटेने आली हे कशावरून? शिवाय यातला प्रत्येक आकडा म्हणजे त्या त्या वाटेवरचं कमीत कमी अंतर. मधल्या वर्षांत ती कितीदा इकडेतिकडे गेली असेल, त्याचा हिशेब कुठेच नाही. गटांची उत्तरं पाचशेने चुकली तर बहुतेक वेळा प्रमाणपट्टी वाचण्यात चूक असते. पानावरचं प्रमाण आधी फळ्यावर लिहून घ्या.

करून पाहणं दुसरं: वाळूचं तापमान

'उष्णता वाढल्याने सगळी कासवं माद्याच होणार' अशी बातमी दरवर्षी कुठे ना कुठे येते. तिचं मूळ बहुधा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात असतं. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या पिल्लावस्थेतून पुढे गेलेल्या तरुण कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आढळल्या होत्या. पण ती हिरवी कासवं, आणि ती तिथल्या किनाऱ्यांवरची. आपली ऑलिव्ह रिडले, वेळासची पुळण, हे त्यात नाही. हे वाक्य मुलांकडूनच यायला हवं.

संकल्पना अशी की माणसात पिल्लाचं लिंग गुणसूत्रं ठरवतात, कासवात घरट्याचं तापमान. अंडी उबण्याच्या काळाचे तीन भाग केले तर मधल्या भागात ते ठरतं. समुद्री कासवांत २७.७ अंश सेल्सिअसच्या खाली नर, ३१ अंशांच्या वर माद्या, मधे मिश्र, असं सर्वसाधारण प्रमाण सांगतात. दहावीला प्रजननाचं प्रकरण चालू असताना हे घ्या, एक्स-वाय शिकवून झाल्यावर लगेच.

आता प्रयोग. रंगाचे वीस लिटरचे तीन रिकामे डबे घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा. बांधकामाची चाळलेली वाळू भरा. पुळणीवरून वाळू आणायची गरज नाही, आणि विणीच्या दिवसांत किनाऱ्यावर तर कुठेच खणायचं नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. घरट्याला हात लावायचा अधिकार वनखात्याला आणि त्यांनी नेमलेल्या कासवमित्रांनाच. डबे मैदानात काठापर्यंत पुरा: एक उन्हात, एक सुरूच्या किंवा माडाच्या सावलीत, एक उन्हातच पण वाळूत रोज सकाळी तांब्याभर पाणी घालून. प्रत्येकात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे उभे खुपसा, एकाचं खालचं टोक ५ सेंटिमीटरवर, दुसऱ्याचं ३० सेंटिमीटरवर. पाइपमधून थर्मामीटर दोऱ्याने सोडायचा आणि वरचं तोंड कापसाने बंद करायचं. किनाऱ्यावरचं खरं घरटं याहून थोडं खोल असतं, पण डब्याची उंची तेवढीच.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. थर्मामीटर वर काढताच पारा किंवा लाल स्तंभ हलायला लागतो आणि वाचेपर्यंत दोन अंशांचा फरक पडतो. त्यावर उपाय म्हणजे मेणबत्तीचं मेण वितळवून, ते थोडं निवल्यावर, थर्मामीटरचा फुगा त्यात चार-पाच वेळा बुडवून जाड थर चढवायचा. मेण उष्णता हळू सोडतं, त्यामुळे वाचायला अर्धं मिनिट मिळतं. मात्र त्यामुळे थर्मामीटर वाळूशी जुळायलाही वेळ लागतो, सकाळी सोडलेला अकराच्या आधी वाचू नका. दुसरं, शाळेतले थर्मामीटर एकमेकांशी जुळत नाहीत. सहाही थर्मामीटर आधी एका बादलीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, फरक लिहून ठेवा, आणि प्रत्येक नोंदीतून तो वजा करा. नर आणि मादी यांतलं अंतर जेमतेम सव्वातीन अंशांचं आहे, तिथे एका अंशाची चूक परवडत नाही. तिसरं, डबा जमिनीवर नुसता ठेवला तर उन्हाने त्याच्या भिंती तापतात आणि खोल वाळूही खोटी तापते. पुरायला जागा नसेल तर भोवती गोणपाटाचे चार-पाच वेढे द्या. पाऱ्याच्या थर्मामीटरऐवजी लाल अल्कोहोलचे वापरा, कारण पाइपमध्ये आपटून थर्मामीटर फुटतात आणि पारा सांडतो.

अकरा, एक, तीन, पाच, अशा पाच दिवस नोंदी घ्या आणि आलेख काढा. वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये तापमान दिवसभर झपाझप चढतं-उतरतं. तीस सेंटिमीटरवर ते जवळजवळ सपाट राहतं, आणि जे काही चढतं ते वर ऊन उतरल्यानंतर. कासव एवढं खोल का खणतं याचं उत्तर त्या आलेखात दिसतं, सांगावं लागत नाही. ओल्या डब्याची रेघ सावलीच्या रेघेकडे सरकते. हॅचरीवर, म्हणजे किनाऱ्यावर अंडी राखून उबवतात त्या जागेवर, सावलीची जाळी का बांधतात, हा प्रश्न त्याच दिवशी विचारा. आपल्या डब्यावरून 'यंदा माद्या जास्त होणार' असं मात्र लिहू देऊ नका.

चमकणारं पाणी

हिवाळ्यात लाट फुटताना निळसर उजेड दिसतो. गावात कुणी त्याला फॉस्फरस म्हणतं, बातमीत 'विषारी शैवाल' येतं, फॉरवर्डमध्ये जेलीफिश. कोकण किनाऱ्यावर तो बहुधा नॉक्टिल्युका सिंटिलान्सचा असतो. हा एकपेशीय जीव आहे, प्रोटिस्टा सृष्टीतला. पेशीत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि ल्युसिफरेज विकर असतं. पाणी हललं की त्यांची अभिक्रिया होते आणि क्षणभर प्रकाश पडतो. फॉस्फरसचा काही संबंध नाही. आठवीच्या पहिल्याच प्रकरणातल्या व्हिटाकरच्या पाच सृष्टी शिकवायला याहून जवळचा नमुना किनाऱ्यावर नाही, कारण ही पेशी जवळजवळ एक मिलिमीटरची असू शकते. नुसत्या डोळ्यांना साबुदाण्याच्या कणीहून बारीक ठिपका दिसतो.

पाणी आणायचं ते मोठ्या माणसाने, ओहोटीत, गुडघ्याच्या खाली पाणी असेल तिथून. रुंद तोंडाची लिटरची बाटली अर्धीच भरा, झाकण सैल ठेवा, सावलीत ठेवा. त्याच रात्री किंवा सकाळी लवकर पाहा. दुपारपर्यंत ठेवलं तर पेशी फुटतात, पाणी गढूळ होतं आणि अमोनियाचा वास येतो. मग वर्गात काही दिसत नाही आणि मुलं हिरमुसतात. सूक्ष्मदर्शकाखाली घेताना काचपट्टीवर झाकणकाच ठेवू नका, तिच्या वजनाने पेशी चिरडते. घड्याळकाचेत दोन-तीन थेंब घ्या आणि सगळ्यात कमी शक्तीचं भिंग लावा. पारदर्शक फुगा आणि त्याला जाड शेपटीसारखा एक तंतू दिसतो. अरबी समुद्रात हिवाळ्यात जो हिरवा प्रकार फोफावतो त्याच्या आत सूक्ष्म हिरव्या पेशी राहतात, प्रकाशसंश्लेषण करतात, आणि तरीही हा फुगा दुसरे जीव गिळतो. 'मग ही वनस्पती की प्राणी?' हा प्रश्न मुलांकडून आला की पाच सृष्टींचा धडा अर्धा झाला.

प्रकाश दाखवायचा असेल तर खोली पूर्ण अंधारी हवी आणि डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं. घाई केली तर दिसत नाही. बाटली हलवा, चमक येते. शेवटी, सगळं पाहून झाल्यावर, थोड्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका: सगळ्या पेशी एकदम उजळतात आणि मरतात. हे मुलांना आधी सांगून करा.

भाताची बातमी, कागदाच्या पट्टीवर

मे २०२५ मध्ये केंद्राने जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली, सांबा महसुरी या जुन्या वाणावरून 'कमला' आणि एमटीयू १०१० या वाणावरून 'पुसा डीएसटी राइस १'. बऱ्याच जणांनी त्यांना 'जीएम तांदूळ', म्हणजे बाहेरचं जनुक घातलेला तांदूळ, म्हटलं. फरक पट्टीवर दाखवा. कागदाच्या लांब पट्टीवर अक्षरं सलग लिहा: कमळपवनगरमनगरसडक. तीन-तीन अक्षरांनी वाचलं की कमळ, पवन, गरम, नगर, सडक. आता दुसरं अक्षर, म, कापून टाका आणि पुन्हा तीन-तीन वाचा: कळप, वनग, रमन, गरस, डक. पहिला शब्द अजून अर्थाचा लागतो, पुढे सगळं कोलमडतं. एक अक्षर गेल्याने जनुक कसं बंद पडतं ते मुलांना दिसतं. या भातात असाच छोटा छेद दिलेला आहे आणि बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही. जीएमसाठी दुसऱ्या रंगाची पट्टी मधे चिकटवा.

मुलांना अडतं ते पुढे: जनुक बिघडवून पीक वाढतं कसं? 'कमला'त ज्या जनुकाला छेद दिला त्याचं काम सायटोकायनिन हे संप्रेरक मोडण्याचं होतं. ते मंदावलं की लोंबीत संप्रेरक जास्त राहतं आणि दाणे जास्त धरतात. नववीला वनस्पतींची संप्रेरकं झालेली असतात, तिथे बोट ठेवा.

साथीची बातमी घेताना

लेप्टोचा धडा लावणीच्या दिवसांत घ्या, कारण मुलं घरच्या शेतात चिखलात उतरलेली असतात आणि पायाला चिरा असतात. जिवाणू उंदरा-गुरांच्या मूत्रातून पाण्यात येतो आणि कातडीच्या जखमेतून शरीरात शिरतो, एवढी साखळी आकृतीत काढा आणि मुलांना ती कुठे कुठे तोडता येईल ते विचारा. गोळ्यांची मात्रा वर्गात सांगू नका, ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्र, एवढंच. आणि गावात किंवा शेजारच्या वाडीत मृत्यू झाला असेल तर ती बातमी वर्गात आणू नका. त्या घरातलं मूल वर्गात असू शकतं. जुनी, दुसऱ्या जिल्ह्यातली बातमी घ्या. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात माकडतापाबद्दल बोलतानाही हेच पाळा. त्याचा विषाणू गोचिडीतून येतो, माकडंही त्याला बळी पडतात. हे स्पष्ट सांगितलं नाही तर मुलं माकडांवर दगड घेऊन धावतात.

गुण आणि फाइल

बातमीवर प्रश्न घालायचा तर बातमी आठवण्याचा घालू नका. न पाहिलेली साठ-सत्तर शब्दांची बातमी द्या आणि चार गुणांचे चार प्रश्न विचारा: काय मोजलं, कशावर मोजलं, कोणतं वाक्य मोजमापाच्या पुढे गेलं, पुस्तकातली कोणती संकल्पना यात आहे. तिसऱ्या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं बरोबर असू शकतात. कारण दिलं असेल तर दोन्हींना गुण द्या.

वर्ष संपताना फाइल चाळा. ज्या बातमीचं पुढे काय झालं ते कळलं असेल, ते तिच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहा. दावा मागे घेतला गेला असेल तर ते कात्रण फेकू नका, पुढच्या वर्षी तेच पहिलं वापरा.